घरी शिकलेल्या मुलांसाठी एनडीए प्रवेश: दहावीच्या प्रमाणपत्रापासून एसएसबीपर्यंत

घरी शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने एनडीएत, म्हणजे सेनादलांचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचे ठरवले की पालकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पात्रतेचा. शाळेची पायरी न चढलेल्या मुलाला खडकवासल्याला घेतील का? राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशनियमांत उमेदवार शाळेत शिकला की घरी, असा भेद कोठेही केलेला नाही. नागरिकत्व, वय, अविवाहित असणे, मान्यताप्राप्त बारावी आणि शारीरिक क्षमता एवढेच नियम पाहतात. खरी अडचण दोन ठिकाणी येते. शाळेत जाणाऱ्या मुलाची कागदपत्रे शाळा वेळच्या वेळी तयार करत जाते, तर घरी शिकणाऱ्याला ती स्वतः, आणि तीही दोन-तीन वर्षे आधीपासून, जमवावी लागतात. दुसरी अडचण शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे एसएसबीच्या (सेनादलांच्या सेवा निवड मंडळाच्या) चाचण्या आणि मुलाखतीच्या पाच दिवसांत येते. तिथे अनोळखी मुलांच्या गटात काम करावे लागते आणि ती सवय घरच्या अभ्यासाने आपोआप लागत नाही. लेखी परीक्षेच्या तयारीबद्दल बाजारात पुष्कळ मजकूर मिळतो, म्हणून येथे भर या दोन गोष्टींवर दिला आहे.

सुरुवात दहावीपासून

एनडीएची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून आयोग दहावीचे प्रमाणपत्र किंवा त्याच्याशी समकक्ष प्रमाणपत्रच मान्य करतो. महापालिकेचा जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, इतकेच नव्हे तर जन्मपत्रिकाही चालणार नाही, असे आयोगाच्या सूचनेत स्पष्ट छापलेले असते. (पत्रिका पुरावा म्हणून जोडणारे कोणी तरी असल्याखेरीज तो शब्द तिथे आला नसावा.) त्यामुळे ‘दहावी कशाला, एकदम बारावीचे बघू’ हा विचार एनडीएच्या बाबतीत सोडून द्यावा.

घरी शिकणाऱ्यांसाठी सर्वांत सरळ मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही स्वायत्त संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली, २००२ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि तिचे एक प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. दहावीच्या प्रवेशासाठी वयाची किमान १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी हा अभ्यासक्रम झेपेल एवढे शिक्षण झाले आहे, असे स्वयंघोषणापत्र चालते. महाराष्ट्रातील काही घरांत सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या दिली जाते आणि तेही प्रमाणपत्र चालते. मात्र पुढे बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके करायची असल्याने निदान बारावीसाठी तरी एनआयओएस अधिक सोयीचे, असे माझे मत आहे.

दहावीचा अर्ज भरताना नाव आणि जन्मतारीख यांकडे बारकाईने पाहावे. आपल्याकडे कोठे आडनाव आधी लिहितात, कोठे शेवटी. आधार कार्डावर वडिलांचे नाव मध्ये असते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जाते, आणि इंग्रजी स्पेलिंगमधला एखादा जादा ‘ए’ कोणाच्या लक्षातही येत नाही. आयोगाच्या अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावे लागते आणि पुढची सगळी पडताळणी त्याच नावावर होते. म्हणून एनआयओएसचा अर्ज भरण्याआधी आधार कार्ड दुरुस्त करून घ्यावे आणि एकच क्रम, एकच स्पेलिंग सगळीकडे ठेवावे. प्रमाणपत्र छापून आल्यानंतर दुरुस्ती करता येते, पण तिला लागणारा वेळ नेमका परीक्षेच्या हंगामात जातो.

बारावी: विषय, प्रात्यक्षिके आणि मान्यता

एनडीएच्या लष्कराच्या शाखेसाठी कोणत्याही विषयांतील बारावी चालते. हवाई दल, नौदल आणि एझिमला येथील भारतीय नौदल अकादमीसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावे लागतात. लष्करातच जायचे आहे म्हणून कला शाखा घेतली तर नियमाला हरकत नाही. तरीही माझा सल्ला हे तीन विषय घेण्याचाच आहे. लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर सर्वांनाच द्यावा लागतो, सामान्य क्षमता चाचणीतही भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा मोठा वाटा असतो. म्हणजे अभ्यास टळतच नाही, उलट निम्मी दारे मात्र बंद होतात. एनआयओएसच्या बारावीत गणिताचा विषयक्रमांक ३११, भौतिकशास्त्राचा ३१२, रसायनशास्त्राचा ३१३ आणि इंग्रजीचा ३०२ आहे. हे चार आणि आवडीचा पाचवा, अशी निवड पुरेशी होते.

एनआयओएस म्हणजे नुसती शेवटची परीक्षा, असा समज अनेक पालकांचा असतो. प्रत्येक विषयात स्वाध्याय, म्हणजे टीएमए, वेळेत सादर करावे लागतात आणि त्यांना २० टक्के वजन असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रात होतात आणि लेखी व प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. घरी व्हर्नियर कॅलिपर हातात न धरलेले किंवा ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून टायट्रेशन न केलेले मूल पाठ करून हे निभावून नेऊ शकत नाही. त्यामुळे प्रवेश घेतानाच, प्रयोगशाळा खरोखर चालू असलेले अभ्यासकेंद्र निवडावे. त्यासाठी प्रत्यक्ष जाऊन यावे. घरापासून दहा किलोमीटर लांबचे चालू केंद्र हे कोपऱ्यावरच्या कुलूपबंद केंद्रापेक्षा केव्हाही चांगले.

दहावी आणि बारावी यांच्यात साधारणपणे दोन वर्षांचे अंतर एनआयओएसला अपेक्षित असते. मूल हुशार आहे म्हणून दोन्ही परीक्षा एकापाठोपाठ एक उरकून टाकू, असा बेत त्यामुळे फसतो. नोंदणी पाच वर्षे वैध राहते आणि विषय सुटे सुटे देता येतात, ही सवलत इतर कोणत्याही वाटेने जाणाऱ्यासाठी उत्तम आहे. एनडीएच्या वयोमर्यादेपुढे मात्र तिचा उपयोग जपूनच करावा.

‘घरबसल्या दहावी-बारावी’ अशी जाहिरात करणारी काही तथाकथित मंडळे मान्यताप्राप्त नाहीत. मंडळाचे नाव शालेय शिक्षण मंडळांच्या परिषदेच्या, म्हणजे कॉबसेच्या, यादीत आहे की नाही ते पैसे भरण्याआधी तपासावे. केंब्रिजसारख्या परदेशी मंडळाची परीक्षा खाजगीरीत्या दिली असेल तर भारतीय विद्यापीठ संघाचे समकक्षता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याच्या विषयसंख्येच्या अटी आधीच वाचाव्यात. अमेरिकेतून परतलेल्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की तिकडे आईवडिलांच्या सहीचा गृहशिक्षणाचा डिप्लोमा अनेक ठिकाणी चालत असला तरी येथे त्याच्या आधारावर अर्ज करता येणार नाही. ठरावीक शिक्षण नसलेल्या उमेदवाराला अपवादात्मक परिस्थितीत पात्र ठरवण्याचा अधिकार आयोगाने स्वतःकडे राखून ठेवला आहे खरा, पण त्या ओळीवर मुलाचे भवितव्य टांगून ठेवू नये.

वयाचा हिशेब मागून पुढे मांडावा

प्रशिक्षण सुरू होण्याच्या वेळी उमेदवार साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा असावा लागतो. उदाहरणार्थ, जुलै २०२५ मध्ये सुरू होणाऱ्या तुकडीसाठी २ जानेवारी २००६ ते १ जानेवारी २००९ या काळातील जन्म आवश्यक होता. परीक्षा वर्षातून दोनदा होते: एप्रिलमधील परीक्षेतून पुढच्या जानेवारीची तुकडी भरते, सप्टेंबरमधील परीक्षेतून पुढच्या जुलैची.

सप्टेंबर २०१० मध्ये जन्मलेली मुलगी धरू. तिच्यासाठी जुलै २०२७ पासून जानेवारी २०३० पर्यंतच्या तुकड्या वयात बसतात. तिने दहावी एप्रिल २०२५ मध्ये आणि बारावी एप्रिल-मे २०२७ मध्ये दिली, तर एप्रिल २०२७ पासून एप्रिल २०२९ पर्यंत पाच परीक्षा तिला देता येतात. त्याआधीची सप्टेंबर २०२६ची परीक्षाही ती बारावीला बसणारी उमेदवार म्हणून देऊ शकेल, पण त्या तुकडीसाठी बारावी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा २०२७ च्या जूनच्या सुमारास द्यावा लागेल आणि एनआयओएसच्या एप्रिल-मे सत्राचा निकाल तोवर हातात येईलच असे धरून चालता येत नाही. आता हीच मुलगी ‘घाई कशाला’ म्हणून बारावीचे विषय पसरवत ऑक्टोबर २०२८ पर्यंत गेली, तर निर्धास्तपणे देण्यासारख्या परीक्षा दोनच उरतात. पुराव्याची नेमकी तारीख प्रत्येक सूचनेत छापलेली असते. अर्ज भरण्याआधी ती शोधून एनआयओएसच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवावी.

अकरावीत असलेले विद्यार्थी अर्जाला पात्र नाहीत, असेही सूचनेत म्हटलेले असते. एनआयओएसमध्ये अकरावी असा वेगळा टप्पा नसल्यामुळे आपण बारावीला ‘बसणारे’ आहोत हे कागदावर दाखवता आले पाहिजे. त्यासाठी नोंदणीचे ओळखपत्र, त्या सत्राच्या परीक्षाशुल्काची पावती आणि प्रवेशपत्र जपून ठेवावे. एसएसबीच्या बोलावण्यात अभ्यासक्रम चालू असल्याचे प्रमाणपत्र मागितले असेल, तर ते अभ्यासकेंद्राच्या प्राचार्यांकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावे. असा कागद तिथे रोज कोणी मागत नसल्याने तो आदल्या दिवशी मिळत नाही.

अर्ज आणि लेखी परीक्षा

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. शुल्क १०० रुपये असून मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना आणि ठरावीक सैनिकांच्या पाल्यांना ते माफ असते. सेनादलांचा पसंतीक्रम अर्जातच द्यावा लागतो. परीक्षाकेंद्रे मुंबई, नागपूर, पणजी अशा शहरांत असतात आणि प्रथम येणाऱ्यास प्रथम या तत्त्वाने मिळतात, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

गणिताचे १२० प्रश्न आणि सामान्य क्षमता चाचणीचे १५० प्रश्न, प्रत्येकी अडीच तासांत सोडवायचे असतात. दुसरा पेपर ६०० गुणांचा असून त्यांपैकी २०० गुण इंग्रजीचे असतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाहीत. गेल्या काही वर्षांत लेखी परीक्षेची पात्रतारेषा ९०० पैकी सुमारे २९० ते ३६० गुणांच्या दरम्यान राहिली आहे, हे पाहिले की पेपर पूर्ण सोडवण्यापेक्षा नेमके सोडवणे महत्त्वाचे हे कळते. घरी शिकणारी मुले बहुधा एखाद्या प्रश्नात खोल शिरून, समाधान होईपर्यंत त्यावर बसतात. एरवी कौतुकाची असलेली ही सवय सव्वा मिनिटाला एक प्रश्न अशा परीक्षेत नडते. म्हणून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून, कॅल्क्युलेटरशिवाय, पूर्ण पेपर सोडवण्याचा सराव किमान सहा महिने करावा.

लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते. निकाल लागल्याच्या आनंदात हे राहून जाते, आणि मग एसएसबीचे बोलावणेच येत नाही.

एसएसबी: पाच दिवस, अनोळखी गट

एसएसबीला लेखी परीक्षेइतकेच, म्हणजे ९०० गुण असतात. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि चित्रावरून गोष्ट लिहिण्याची चाचणी होते. नंतर छातीवर चेस्ट नंबर लावलेली दहा-पंधरा मुले अर्धवर्तुळात बसून आपापली गोष्ट सांगतात आणि सर्वांनी मिळून एक गोष्ट ठरवायची असते. अनेकदा तिथे पहिल्या मिनिटातच मासळी बाजार भरतो. ज्याने आजवर एका वेळी एकाच माणसाशी, तेही शांतपणे ऐकून घेणाऱ्या मोठ्या माणसाशी चर्चा केली आहे, त्याला या गलक्यात तोंड कधी उघडावे हेच कळत नाही आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने तो घरी परततो.

जे राहतात ते पीआयक्यू नावाचा माहितीचा फॉर्म भरतात आणि मुलाखत घेणारा अधिकारी त्याच फॉर्मवरून प्रश्न काढतो. त्यात दहावीपासूनच्या शिक्षणाचे रकाने असतात: संस्थेचे नाव, मंडळ, टक्केवारी, माध्यम, वसतिगृहात की घरून. पुढे एनसीसी, खेळ, छंद, आणि सांभाळलेल्या जबाबदाऱ्या. घरी शिकलेल्या मुलाने पहिल्या रकान्यात एनआयओएस आणि अभ्यासकेंद्राचे नाव सरळ लिहावे. घरी शिकलो हे लपवू नये आणि त्याचे भाषणही करू नये. ‘शाळेत का नाही गेलात?’ हा प्रश्न येणारच. त्याला आईवडिलांच्या शिक्षणविषयक तत्त्वज्ञानाचे उत्तर दिले, तर अधिकाऱ्याला पालक दिसतात, उमेदवार दिसत नाही. त्यापेक्षा आपला दिवस कसा असे, कोणता विषय कोणाकडून शिकलो, कोठे अडलो आणि मार्ग कसा काढला, हे स्वतःच्या शब्दांत सांगावे. ‘आवडते शिक्षक कोण आणि का, नावडते कोण, मित्र किती, त्यांच्याशी शेवटचे भांडण कशावरून झाले’ असे प्रश्न एका दमात विचारले जातात आणि तेही ओळीने लक्षात ठेवून उत्तरायचे असतात. घरी हा सराव आईवडिलांनी घेऊ नये. दूरच्या ओळखीतील निवृत्त सैनिक किंवा प्राध्यापक शोधावा, कारण आईला मुलाचे अर्धे वाक्यही पुरते, परक्याला पुरत नाही.

एनसीसी नसल्याने उमेदवार बाद होत नाही. जबाबदाऱ्यांचा रकाना मात्र कोरा राहू नये, आणि तो खऱ्याने भरायचा तर दोन वर्षे आधी सुरुवात करावी लागते. गावातल्या क्रीडा मंडळात कबड्डी किंवा खो-खो खेळणे, ढोल-ताशा पथकात सरावाची हजेरी आणि साहित्य सांभाळणे, गिर्यारोहण संस्थेच्या मोहिमेत शिध्याची जबाबदारी घेणे, यांतून नेमके तेच घडते जे एसएसबीच्या मैदानावर पाहिले जाते. तिथे आठ-दहा जणांच्या गटाला फळी, बल्ली आणि दोरी देऊन, लाल रंगाच्या भागाला स्पर्श न करता, ओझ्यासह अडथळा पार करायला सांगतात. फळी कोठे टेकवायची हे एखाद्याला पटकन सुचते, पण ती दुसऱ्याच्या हातातून ओढून घेतली तर सुचण्याचा उपयोग शून्य; आणि दुसऱ्याची कल्पना आपल्यापेक्षा बरी असेल तर निमूटपणे बल्लीचे टोक धरून उभे राहण्यालाही तिथे किंमत असते. आठवडाभरात एसएसबी ‘शिकवणाऱ्या’ वर्गांपेक्षा मंडळाच्या संघातले दोन हंगाम मला अधिक मोलाचे वाटतात.

मानसशास्त्रीय चाचण्यांत चित्रांवरून गोष्टी, १५ सेकंदांना एक याप्रमाणे ६० शब्दांवर वाक्ये आणि अर्ध्या तासात ६० प्रसंगांवर प्रतिक्रिया लिहायच्या असतात. टंकलेखनाची सवय झालेल्या मुलांनी हाताने भरभर लिहिण्याचा सराव करावा. घरी शिकणाऱ्यांची वही पुष्कळदा लॅपटॉपच असते. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी संगणकावरील वेगळी वैमानिक चाचणी असते. तिच्यात एकदा नापास झालेल्याला उड्डाण शाखेसाठी पुन्हा संधी नसते.

वैद्यकीय तपासणीबद्दल एवढेच, की दृष्टी, वजन, दात आणि कान यांची तपासणी सोळाव्या वर्षीच करून घ्यावी. गोंदणाबाबतचे नियमही कडक आहेत, तेव्हा गोंदवून घेण्याआधी ते वाचावेत. आयोगाच्या सूचनेत किमान २० जोर आणि २० सिट-अप्स, ८ चिन-अप्स आणि तीन-चार मीटर दोरीवर चढणे, असा तयारीचा सल्ला दिलेला असतो. दोरी झाडाला बांधूनही चालते.

मुलींसाठी आणि अकरावीच्या आधी वाट बदलू इच्छिणाऱ्यांसाठी

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील आदेशानंतर मुलींना ही परीक्षा खुली झाली. पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. मुलींसाठीच्या जागा अजून थोड्या असल्याने त्यांची गुणरेषा मुलांच्या रेषेवरून गृहीत धरू नये.

दहावीनंतर गृहशिक्षण थांबवण्याची तयारी असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा विचार जरूर करावा. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षे निवासी राहून एनडीएची तयारी करता येते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. प्रवेश दहावीच्या वर्षातच, स्वतंत्र परीक्षा आणि मुलाखतीतून होतो, म्हणून दहावीचे सत्र निवडताना या प्रवेशाच्या तारखाही पाहाव्यात. ज्या मुलाला गटात राहण्याची मुळीच सवय नाही, त्याच्यासाठी ही दोन वर्षे घरच्या कोणत्याही तयारीपेक्षा उपयोगी ठरतील.

निवड झाल्यावर

एसएसबीने शिफारस केली आणि वैद्यकीय तपासणी पार पडली तरी गुणवत्ता यादीतील नाव मूळ कागदपत्रांच्या पडताळणीपर्यंत तात्पुरतेच असते. ही कागदपत्रे आयोगाकडे पाठवायची नसतात. ज्या सेनादलाला पहिली पसंती दिली, त्याच्या भरती विभागाकडे ती सूचनेत दिलेल्या तारखेपर्यंत पोहोचवावी लागतात. एनआयओएसची दहावी आणि बारावी अशा दोन्हींची गुणपत्रिका-प्रमाणपत्रे आणि स्थलांतर प्रमाणपत्र हातात आहेत ना, हे आधीच पाहावे. ती आली नसतील तर पुण्याच्या प्रादेशिक केंद्रात लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी, आणि प्रत्येक मूळ कागदाच्या साक्षांकित प्रतींचा एक संच घरी, दुसरा उमेदवाराच्या पिशवीत ठेवावा, कारण खडकवासल्याला दाखल होतानाही हेच कागद पुन्हा लागतात.